दोन रेघांची वायर

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं एकदाचं! "यापुढे माझी एक जरी चूक काढलीस, तर बॅग भरून धाकट्या बहिणीकडे जाईन. परत येणार नाही." त्यानं गिटारच्या तारा फडक्यानं पुसल्या, फडक्याची घडी केली आणि म्हणाला, "बरं."

बरं! इतक्या वर्षांची बायको जाते म्हणते आणि माणूस म्हणतो, बरं.

आणि कशावरून? माझ्या पायावरून. गेल्या वर्षी हा एका हॉलच्या पायऱ्यांवरून पडला. घोट्यात पट्टी बसवली, स्क्रू बसवले. चालतो, पण घोटा वळत नाही. आणि याच्या संथ गाण्यांत सगळी मजा त्या घोट्यातच होती. आधी आवाज बंद ठेवून तार छेडायची, मग पायानं पेडल हळूहळू दाबत सूर वर आणायचा. तार छेडल्याचं कळतसुद्धा नाही, सूर जणू आपला आपणच उगवतो. पडल्यावर त्यानं तेच करंगळीनं करून बघितलं, गिटारवरचं आवाजाचं बटण फिरवून. चार दिवसांत करंगळी आखडली. "एका हातानं जेवायचं आणि त्याच हातानं वारा घालायचा, असं झालं हे," म्हणाला आणि सोडून दिलं.

मग मी. "तू दिवसभर शिवणयंत्राचं पेडल चालवतेस, हे तर त्याहून हलकं." झाली माझी नेमणूक! महिनाभर सराव. लवकर दाबलंस. उशीर केलास. दाबू नकोस गं, टेकव. टेकव म्हणे! आज नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

आता मात्र मिठाची गुळणी धरून बसलाय. बसू दे.

४ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. याचं जुनं पेडल माझ्या पावलाला भलतंच मोठं, टाच टेकवली की बोटं पोचत नाहीत. कपाटात गिटारला वा-वा करायला लावणारं एक छोटं वावा पेडल धूळ खात पडलं होतं, तेच त्याच्याकडे दिलेलं. (नावच वावा. या घरात मला कोणी वा म्हणालं नाही, याला दोनदा!) चेन धड असलेली पिशवी एकही नाही घरात, म्हणून निळी प्रवासी बॅग घेऊन गेले.

त्यानं आतलं सगळं काढून टाकलंय. राहिलाय फक्त पायाबरोबर फिरणारा कंट्रोल. "वहिनी, आता यातून आवाज जाणारच नाही. गिटारची वायर थेट इफेक्टच्या डब्याला, म्हणजे आवाज घडवतो त्या डब्याला. हे पेडल डब्याला फक्त सांगणार, किती." सोबत एक लांबलचक वायरही करून दिली. "हिच्या पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत बघा. हीच लावायची."

घरी येऊन जोडलं. डब्याच्या पडद्यावर 'पेडल' असं येतं आणि पुढे आकडा. पाय खाली गेला की आकडा चढतो, वर आला की उतरतो. माझं शिवणयंत्र असंच आहे की! पाय शिवत नाही, पाय नुसतं सांगतो, किती. मला एकदम जमलं. तो दारात उभा राहून बघत होता.  वायर मी नीट गुंडाळून ठेवली.

५ नोव्हेंबर, रविवार

पहिला कार्यक्रम झाला. हॉटेलचा जेवणाचा हॉल, रविवार दुपार, काट्याचमच्यांचा खणखणाट. निघताना नेहमीसारखी तारांबळ. पेडल पिशवीत कोंबलं, खुंटीवरची वायर ओढली, धावत बस पकडली.

तिथे मॅनेजर म्हणतो, स्टेजवर फक्त वाजवणारे बसतील. या बाई मध्येच खुर्चीवर बसून पाय हलवणार, लोकांना वाटेल कपडे शिवतायत. गायिका खळखळून हसली. हा हसला नाही, पण माझी बाजूही घेतली नाही. मग मला एका लाकडी पार्टिशनच्या मागे बसवलं, स्पीकरच्या बाजूला. पार्टिशन जमिनीपासून हातभर वर. खालच्या फटीतून मला दिसतात याचे बूट, ड्रमवाल्याच्या खुर्चीचे पाय आणि गायिकेच्या टाचा.

पहिलं संथ गाणं. मी पाय टेकवला. सूर आलाच नाही!  गायिका एकटीच गात राहिली. बूट वाकले — म्हणजे हा वाकला — डब्यावर काहीतरी दाबलं. मग सूर आला. पुढच्या ओळीला मी पाय टेकवला तसा आला, उचलला तसा गेला. बाकी सगळं सुरळीत.

परतताना वाट बघत होते. आता बोलेल, सुरुवातीला काय झालं म्हणून. बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

६ नोव्हेंबर

दिवसभरातलं संभाषण : "दूध आलं?" "आलं."

११ नोव्हेंबर, शनिवार

आज तोंड उघडलं त्यानं! ऐकावं तर काय — "उद्या पांढरे बूट घाल."

मी म्हटलं, पार्टिशनच्या मागे बसलेल्या बाईच्या पायांत काय आहे याच्याशी कोणाला देणंघेणं? माझ्या काळ्या चपलांना काय झालं?

"चूक काढत नाहीये. नुसतं सांगितलं."

चूक काढत नाहीये! म्हणजे धमकी लक्षात आहे तर. घालीन पांढरे. कॅनव्हासचे आहेत, पाय तरी दुखणार नाहीत.

१२ नोव्हेंबर, रविवार

कार्यक्रम ठीक. गायिका त्याच्यावर चिडली. "हल्ली तुम्ही असे तिरके काय उभे राहता? लोकांकडे अर्धी पाठ! मी काय खांबाबरोबर गाऊ?" हा म्हणाला, घोटा दुखतो. मला फटीतून दिसतच होतं, बुटांची टोकं माझ्या बाजूला. माझ्यामागे नुसती भिंत आहे, म्हणून तिकडे. लोकांच्या नजरेला नजर द्यायला नको, पार्टिशनपलीकडच्या बायकोलाही द्यायला नको. मधोमध उभं राहण्याची युक्ती बरी काढलीय.

१५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात आज पँटींचा ढीग. मागच्या खोलीत मी, यंत्र आणि इस्त्री. समोर कोण येतं, कोण हसतं, मला फक्त आवाज येतात. गिऱ्हाईक कपाटाआड उभं राहतं, मालकीण पँट आत ढकलते, मी खडूनं खूण करून खालून दुमडते. माणसं मला पायांपासून गुडघ्यापर्यंतच ठाऊक! कोण टाच घासत चालतो, कोणाचा एक पाय आखूड, पँटीवरून सगळं सांगेन. चेहरा विचाराल तर नाही.

रविवारीही तेच. इथे कपाट, तिथे पार्टिशन.

दुपारी डबा खाताना यंत्राशी बोलत होते. मालकिणीनं डोकावून विचारलं, "कोणाशी बोलताय?" म्हटलं, दोरा तुटतोय.

१९ नोव्हेंबर, रविवार

कार्यक्रमानंतर वायर गुंडाळत होते, तेव्हा गायिका मला म्हणाली, "काकू, तुम्ही उगाच दमता हो. आता डबे स्वतःच करतात हे सगळं. एकदा भरून ठेवलं की सूर आपोआप वर, आपोआप खाली. पायबिय काही लागत नाही." काकू म्हणते मेली! माझ्याहून फार लहान नाही.

वाईट हेतूनं नाही बोलली. पण लागलं. हा जवळच गिटार पेटीत ठेवत होता. ऐकू गेलंच असेल. एक शब्द नाही — "छे, तिच्याशिवाय जमत नाही" — असं खोटं तरी म्हणावं माणसानं!

उजव्या करंगळीला चिकटपट्टी गुंडाळलीय त्यानं. "काय झालं?" "काही नाही." तार लागली असेल. मीही मग विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर

दूध आलं? आलं.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज मी फार छान वाजवलं. हो, वाजवलं! मी वाजवते असं मला वाटतं, कोणी काही म्हणो. शेवटच्या गाण्यात तो जिथे थांबतो, तिथे मी पाय इतका हळू उचलला की सूर कधी संपला ते कळलंच नाही. हॉलमधले चमचे थांबले. नंतर टाळ्या. गायिकेनं वाकून नमस्कार केला असणार, तिच्या टाचा मागे सरकल्या. मग ड्रमवाला. मग हा. मी खुर्चीवर बसून माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघत होते.

बसमध्ये मी होऊन म्हटलं, "आज बरं झालं ना?"

"हं."

मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. शेजारी माणूस बसलाय, त्याचा दंड माझ्या दंडाला लागतोय, आणि तो कुठल्या कुठे आहे. पूर्वी सरावात ओरडायचा तेव्हा निदान माझ्याकडे लक्ष तरी होतं! हात दाखवून अवलक्षण केलं मी. आता मनातून म्हणत होते — काढ रे एखादी चूक. उशीर केलास म्हण. काहीही म्हण.

२७ नोव्हेंबर, सोमवार

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, कधीही ये. खोली रिकामीच आहे. पण भाओजींनी काही केलं का?"

"नाही गं. काहीच केलं नाही."

"मग?"

तेच तर.

३ डिसेंबर, रविवार

पुढच्या रविवारचा कार्यक्रम करते आणि सोमवारी निघते. शब्द दिलाय तेवढा पाळायचा. त्याला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर "बरं" म्हणेल, आणि ते मला ऐकवणार नाही.

७ डिसेंबर, गुरुवार

 नीट लिहिते.

तो ड्रमवाल्याकडे गेला होता. दुकानाला सुट्टी. कपडे भरावेत म्हणून माळ्यावरून निळी बॅग काढली. चेन उघडली तर तळाशी वायर. नीट गुंडाळलेली, माझ्याच हातची घडी. पिनेवर दोन काळ्या रेघा.

मग मी दर रविवारी नेतेय ती कुठली? खुंटीवरची काढून बघितली. एकच रेघ. साधी गिटारची वायर! दोन्ही काळ्या, दोन्ही लांब. त्या पहिल्या रविवारच्या तारांबळीत मी हीच ओढली, आणि तेव्हापासून हीच पेडलबरोबर गुंडाळून नेतेय, आणतेय.

डबा सुरू केला. साधी वायर लावली, पाय दाबला. पडद्यावर आकडा नाहीच. दोन रेघांची लावली. तरीही नाही. नीट वाचलं तर आकड्याच्या जागी लिहिलेलं — 'पेडल : बंद'. हे आपोआप बंद होत नाही. बटण दाबून धरावं लागतं, मलाच तर त्यानं शिकवलंय. आणि मग आठवलं. पहिला रविवार. बूट वाकले, डब्यावर काहीतरी दाबलं, मग सूर आला.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. वायर चुकली हे कळलं आणि त्यानं माझं पेडलच बंद करून टाकलं. पुढचं सगळं डब्यात भरून ठेवलेलं असणार, गायिका म्हणाली तसं. सूर आपोआप वर, आपोआप खाली. आणि मी? पार्टिशनच्या मागे खुर्चीवर बसून, पांढरे बूट घालून, कशालाही न जोडलेला पाय हलवत होते. सगळे रविवार! त्या टाळ्यांना मनातून माझा वाटा धरत होते!

चूक काढली नाही त्यानं. मलाच काढून टाकलं. आणि ताकाला तूर लागू दिली नाही.

रडले. भांडायचं होतं, पण भांडायलाही समोर कोणीतरी लागतं. डबा होता तसा ठेवला. दोन रेघांची वायर परत बॅगेत टाकली, वर कपडे भरले. बॅग पलंगाखाली.

८ डिसेंबर

त्यानं विचारलं, "डोळे का सुजलेत?" म्हटलं, दोरा ओवून ओवून.

१० डिसेंबर, रविवार

गेले. साधीच वायर घेऊन गेले, मुद्दाम. जोडली तशीच, त्याच्यासमोर. त्यानं बघितलं आणि मान फिरवली. पांढरे बूटही घातले. नाटकच करायचं तर शेवटचा प्रयोग नीट करावा.

पहिलं संथ गाणं नेहमीसारखं केलं. पाय टेकवला, सूर आला. उचलला, गेला. आता कळलेलं असल्यामुळे जास्तच झोंबत होतं. काय हुबेहूब भरून ठेवलंय, माझ्या पायाच्या चालीवर!

दुसऱ्या गाण्यात गायिका एके ठिकाणी श्वास घेते. तिथे सगळं गप्प असतं, सूरसुद्धा. माझ्यातलं काहीतरी उसळलं. म्हटलं, बंदच आहे ना मी? मग काय बिघडतंय! आणि तिथेच, बरोब्बर चुकीच्या जागी, मी पेडल दाणकन दाबलं.

सूर आला.

मोठा, भलत्याच ठिकाणी, हॉलभर. ड्रमवाल्याची काठी चुकली. माझा पाय जागच्या जागी थिजला, आणि सूरही तिथेच थांबून राहिला. पाय उचलला. गेला. मला खरं वाटेना. कच्चे टाके घालताना हलवते तसा पाय वरखाली केला. सूर तसाच वरखाली झाला.

डब्यात भरलेला सूर माझी चूक कसा करेल?

मी खुर्चीतून वाकले. गुडघ्याला गाल लागेपर्यंत वाकले आणि फटीतून वर बघितलं. बूट माझ्याकडे वळलेले. वर गिटार. त्याची बोटं तारा छेडत होती आणि पट्टी गुंडाळलेली करंगळी लांब ताणून गिटारवरच्या त्या आवाजाच्या बटणाला वळसा घालून बसली होती. माझा पाय किंचित हलला. करंगळी हलली.

आणि तो बघत होता माझ्या बुटाकडे. डोळ्यांची पापणी न लववता, दोऱ्याचं टोक सुईत घालताना बघतात तसा. माझा चेहरा तिथे खाली, बुटाच्या वीतभर वर होता, तो त्याला दिसलासुद्धा नाही. पहिल्या रविवारपासून हा असाच उभा आहे. लोकांकडे पाठ करून, गायिकेची बोलणी खात, न वळणाऱ्या घोट्यावर भार देऊन. म्हणून तिरका. म्हणून पांढरे बूट! त्या अंधाऱ्या फटीत काळी चप्पल दिसणार कशी?

वायर चुकली, हे एक वाक्य तो बोलू शकला असता. पण मी म्हटलं होतं ना, एक जरी चूक काढलीस तर जाईन.

ताठ बसले. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, पण पायाला डोळे लागत नाहीत. उरलेलं गाणं मी केलं. दाबलं नाही. टेकवलं.

नंतर गायिका तणतणत आली. "मध्येच काय केलंत हो? मी श्वास विसरले!"

"माझं चुकलं," तो म्हणाला.

मी वायर हातात धरून तिथेच उभी होते. खोटं बोलला. दोन्ही चुका माझ्या होत्या, वायरची आणि आजची.

घरी येऊन करंगळीची पट्टी सोडवत बसला. मी मलमाची डबी त्याच्या हातातून काढून घेतली आणि चोळायला लागले. लाकडासारखी झालीय. तो म्हणाला, "बाम लागेल तुझ्या डोळ्यांना, पुसू नकोस." म्हटलं, बरं.

११ डिसेंबर, सोमवार

धाकटीचा फोन. "ताई, निघालीस का?" म्हटलं, येत नाही गं.

"का? भाओजी सुधारले?"

"नाही. होते तसेच आहेत."

कपडे कपाटात परत लावले.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी दोन रेघांची वायर खुंटीवर अडकवली, दुसरीच्या शेजारी. पिन बाहेर काढून, त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी. म्हटलं, करंगळी सुटेल बिचारी.

त्यानं ती हातात घेतली. पिन बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून बूट बांधत होते, बांधतच राहिले. पिशवी त्यानंच भरली.

हॉटेलवर पोचून पिशवी उघडली. आत एका रेघेचीच होती.